नातीचा फोन सारखा वाजतो तेव्हा



आमच्या गावातल्या पेन्शनरांच्या मोअदोनमध्ये मला अजून सगळे "सिस्टर" म्हणतात. निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झाली, पण कोणी गोळ्यांची चिठ्ठी दाखवतं, कोणी गुडघा दाखवतं. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. गेल्या हिवाळ्यात मात्र एका बाईंनी चहाचा कप हातात धरून मला कोपऱ्यात नेलं आणि हळूच म्हणाल्या, "सिस्टर, एक विचारू? कोणाला सांगू नका."

त्यांची एकोणीस वर्षांची नात सैन्यात आहे. दर दोन आठवड्यांनी शब्बाथला घरी येते. किद्दूश चालू असताना सुद्धा तिचा फोन थरथरतो, ती उठून न्हाणीघरात जाते, दार लावते, परत येते तेव्हा चेहरा उतरलेला असतो. आजीने विचारलं तर म्हणते, "सवता, काही नाही, तो फक्त काळजी करतो." तो म्हणजे तिचा मित्र. दोन वर्षांपासूनचा. आधी ही मुलगी मैत्रिणींबरोबर समुद्रावर जायची, आता कोणी मैत्रीण घरी येत नाही. आणि त्या शुक्रवारी हात धुताना बाही वर गेली तेव्हा दंडावर चार बोटांचे निळे वण दिसले.

बाईंचा प्रश्न असा होता: "त्यांचं लग्न तर झालेलं नाही. मग तक्रार कसली आणि कोणाकडे करायची? नवरा असता तर गोष्ट वेगळी." (ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत. त्या बाईंना वाचून दाखवूनच हे लिहिते आहे.)

हा प्रश्न आपल्या वयाच्या बऱ्याच जणांच्या मनात असणार, म्हणून उत्तर जरा सविस्तर लिहिते. थोडक्यात उत्तर असं की, या देशात मदत मिळायला लग्न झालेलं असावं लागत नाही, पोलिसात तक्रार केलेली असावी लागत नाही, आणि "खात्री" सुद्धा असावी लागत नाही. संशय आहे, काळजी वाटते, एवढ्यावर फोन करता येतो. फोन मुलीनेच करायला हवा असंही नाही, आजीने केला तरी चालतो.

पहिला नंबर लक्षात ठेवायचा तो ११८. हा समाजकल्याण मंत्रालयाचा, म्हणजे आपण ज्याला रेवाखा म्हणतो त्यांचा मोकेद आहे. चोवीस तास चालतो, शब्बाथला आणि सणाला पण. पलीकडे सोशल वर्कर असते. ती ऐकून घेते, किती धोका आहे त्याचा अंदाज घेते आणि तुमच्या गावातल्या योग्य माणसाशी गाठ घालून देते. तिथे मराठी कोणी बोलणार नाही, हे उघड आहे. पण आपण पन्नास वर्षं बाजारात, कुपत खोलीममध्ये आणि बसमध्ये ज्या हिब्रूवर भागवलं ती इथेही चालते. "अनी दोएगेत ला-नेख्दा शेली," मला माझ्या नातीची काळजी वाटते, एवढं वाक्य सुरुवातीला पुरे. पुढचं त्या विचारतात.

दुसरा नंबर सगळ्यांना माहीत आहे, १००, मिश्तारा. आत्ता या क्षणी कोणी मारत आहे, दार तोडत आहे, हत्यार दाखवत आहे, तर विचार करत बसायचं नाही, १००. जखम असेल तर १०१, मागेन दाविद अदोम. शेजारच्या घरातून किंकाळी आली तरी हेच. आपल्याकडे म्हणतात, नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये. मी पण लहानपणी मुंबईच्या चाळीत हेच ऐकलं. २०२० साली रोश हशानाच्या आदल्या संध्याकाळी मित्स्पे रामोनमध्ये शिरा इसाकोव्ह या तरुणीवर तिच्या नवऱ्याने जीवघेणा हल्ला केला. शेजारीण अदी गुझी हिने आवाज ऐकला आणि ती धावत त्या घरात गेली. शिरा वाचली. पुढच्या वर्षी योम हा-अत्समाउतला या दोघींनी मिळून मशाल पेटवली, तुमच्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर पाहिलं असेल. आता सत्तरीच्या माणसाने धावत जावं असं मी म्हणत नाही. पण फोन उचलून १०० फिरवायला गुडघे लागत नाहीत.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते, लग्न झालेलं नाही तर कायदा काय म्हणतो.

१९९१ साली इस्रायलमध्ये कुटुंबातील हिंसा रोखण्याचा कायदा झाला. त्याखाली कोर्टाकडून त्साव हगाना, म्हणजे संरक्षणाचा हुकूम मिळतो. मारणाऱ्याने घरात पाऊल टाकायचं नाही, त्रास द्यायचा नाही, जवळ शस्त्र बाळगायचं नाही, असं कोर्ट त्यात लिहून देऊ शकतं. अर्ज कुटुंब न्यायालयात करता येतो, धार्मिक न्यायालयातही करता येतो. त्याला फी नाही. तातडी असेल तर न्यायाधीश एकाच बाजूचं ऐकून हुकूम देतात आणि सात दिवसांच्या आत दोघांना समोर बोलावतात. हुकूम पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंतचा असतो, तो सहा महिन्यांपर्यंत वाढवता येतो, खास कारण असलं तर एक वर्षापर्यंत. या कायद्यात नवरा-बायको येतात, घटस्फोट झालेले येतात, आणि लग्न न करता जोडपं म्हणून एकत्र राहणारे, येदुईम बत्सिबूर, ते पण येतात.

आणि जे एकत्र राहत नाहीत, नुसते फिरतात, भेटतात, फोनवर असतात? त्यांच्यासाठी २००१ चा दुसरा कायदा आहे, धमकावणाऱ्या छळाविरुद्धचा. मुलीने नातं तोडलं आणि मुलगा सैन्याच्या तळाबाहेर उभा राहतो, दिवसातून शंभर मेसेज करतो, "तू माझी झाली नाहीस तर कोणाचीच होणार नाहीस" म्हणतो, तर त्याला दूर ठेवण्याचा हुकूम बेत मिश्पात हा-शालोममधून मिळतो. (कोर्टाचं नाव शालोम! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं.) म्हणजे उत्तर हे की कायदा दोघांनाही आहे, फक्त कोर्टाचा दरवाजा वेगळा. कोणता दरवाजा ते आपल्याला ठरवावं लागत नाही. न्याय मंत्रालयाचा सियूआ मिश्पाती विभाग आहे, रेवाखाची सोशल वर्कर आहे, त्या सांगतात. ज्यांची कमाई कमी आहे त्यांना सियूआ मिश्पातीकडून वकील मिळू शकतो.

फोनबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण आपल्या पिढीला हे कळायला जड जातं. आपल्या काळी नवरा संशयी असेल तर नाक्यावर उभा राहायचा. आता नाका मुलीच्या खिशात असतो. फोनवर ती कुठे आहे हे त्याला नकाशावर दिसतं. तिचे पासवर्ड त्याच्याकडे. "कुठे आहेस ते कॅमेरा लावून दाखव." उत्तर द्यायला पाच मिनिटं उशीर झाला की शिव्या. मुलगी सुरुवातीला म्हणते, माझ्यावर किती प्रेम करतो. हळूहळू ती मैत्रिणी सोडते, मग आवडीचे कपडे सोडते, मग आजीकडे यायचं सोडते. हात उचलला जातो तो बहुतेक वेळा यानंतर. म्हणून वण दिसेपर्यंत थांबायचं कारण नाही, वण ही उशिराची खूण आहे.

आणखी एक हत्यार म्हणजे फोटो. विश्वासाने पाठवलेला खासगी फोटो, आणि मग धमकी की सोडून गेलीस तर सगळ्यांना पाठवीन. मुलगी शरमेने मरते, आईबापांना सांगू शकत नाही. इथे एक गोष्ट पक्की माहीत असू द्या. २०१४ पासून इस्रायलमध्ये असा फोटो किंवा व्हिडिओ तिच्या परवानगीशिवाय पसरवणं हा गुन्हा आहे, त्याला पाच वर्षांपर्यंत तुरुंग आहे. गुन्हेगार पसरवणारा. फोटो काढू दिला म्हणून मुलगी गुन्हेगार होत नाही. मुलगी किंवा मुलगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर १०५ हा नंबर आहे, मुलांना इंटरनेटवर होणाऱ्या त्रासासाठीच तो काढला आहे. तुमच्या तोंडून "पण तू फोटो पाठवलासच कशाला?" हे वाक्य जाऊ देऊ नका. गेलं तर पुढचं काही ती तुम्हाला सांगणार नाही.

इथे माझी स्वतःची एक गोष्ट सांगते, जी मी पुष्कळ वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

मी मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि सत्तरच्या दशकात इथे आले. ऐंशीच्या दशकात मी एका हॉस्पिटलच्या मियूनमध्ये रात्रपाळी करत होते. एका रात्री वीसएक वर्षांची मुलगी आली, मनगट मोडलेलं, जिन्यावरून पडले म्हणाली. बरोबर तिचा होणारा नवरा होता. डॉक्टरने तिला विचारलं की उत्तर तो द्यायचा. मी तिचा ब्लाउज सैल केला तेव्हा पाठीवर वण दिसले, काही निळे, काही पिवळे पडलेले, काही हिरवट. कोणत्याही नर्सला कळतं की एका पडण्यात तीन रंगांचे वण होत नाहीत. ती माझ्याकडे बघत होती. मी पण तिच्याकडे बघितलं. मी पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, "सावकाश जा" म्हणाले. तो तिच्या कमरेवर हात ठेवून तिला घेऊन गेला. मी काही विचारलं नाही. का नाही विचारलं, याची कारणं माझ्याकडे होती: हिब्रू तुटकं, मी नवीन, खाजगी बाब, वर डॉक्टर आहे. ती सगळी खरी होती. पण ती मुलगी विचारायचीच वाट बघत होती, हे मला त्याच वेळी ठाऊक होतं.

पुढे १९९१ च्या कायद्यात नंतर घातलेल्या एका कलमाने हे बदललं. आता नर्स, डॉक्टर, सोशल वर्कर, शिक्षणक्षेत्रातला माणूस, यांना आपल्यासमोर आलेल्या व्यक्तीला जोडीदाराकडून इजा होते आहे असं वाटायला सबळ कारण असेल तर त्यांनी तिला सांगायलाच हवं की तू पोलिसांकडे जाऊ शकतेस, रेवाखाकडे जाऊ शकतेस, हिंसेवर उपचार करणाऱ्या केंद्रात जाऊ शकतेस. त्यानंतर मी जितकी वर्षं काम केलं, बरोबरच्या माणसाला "जरा बाहेर बसा, कपडे बदलायचे आहेत" म्हणून बाहेर पाठवायची आणि मग विचारायची, घरी तुला सुरक्षित वाटतं का? बऱ्याच जणी "हो" म्हणायच्या. काही जणी रडायच्या. एकीनेही "तुम्हाला काय करायचंय" असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

म्हणून मोअदोनमधल्या त्या बाईंना मी सांगितलं, पुढच्या शब्बाथला तिला एकटीला गाठा. स्वयंपाकघरात, भांडी पुसताना, समोरासमोर बसवून नको. तुम्ही काय पाहिलं तेवढंच सांगा: "तुझ्या दंडावर वण दिसले. फोन आला की तू घाबरतेस असं मला वाटतं. मला तुझी काळजी वाटते." आणि गप्प बसा. त्याला शिव्या देऊ नका, कारण शिव्या दिल्या की ती त्याची बाजू घेते, हे ठरलेलंच. आपल्या नातवंडांना मराठी फारशी येत नाही, तेव्हा दोन वाक्यं हिब्रूतच बोला. "अनी इताख," मी तुझ्याबरोबर आहे. आणि "ज़े लो बे-अश्मातेख," यात तुझी चूक नाही. नातू असेल तर "अनी इत्खा" आणि "बे-अश्मतखा". हो, नातू सुद्धा. मुलीकडून मार खाणारे, धमक्या सोसणारे मुलगे असतात, आणि ते तर मेले तरी सांगत नाहीत, लोक हसतील म्हणून. ११८ त्यांच्यासाठीही आहे.

काय बोलू नये त्याची यादी मी करणार नाही, आपण सगळ्यांनी ती वाक्यं ऐकलेली आहेत. "थोडं सांभाळून घे." "लग्न झालं की सुधारतो." "हॉल बुक झालाय, मेहंदीची तारीख ठरली, मालिदा सांगून झाली, आता लोक काय म्हणतील?" आमच्यापैकी कितीतरी जणींनी ही वाक्यं ऐकून आयुष्य काढलं. काहींचे नवरे दारूच्या पायी हात टाकायचे आणि सकाळी शेजारणी भाजीला फोडणी देत विचारायच्या, काल काय गं आवाज येत होता. सगळ्यांना माहीत असायचं. मी कोणाला दोष देत नाही, तेव्हा जायला जागाच नव्हती. इस्रायलमधलं पहिलं मिकलात, मार खाणाऱ्या बायकांचं आश्रयघर, १९७७ साली हैफात निघालं. त्याच्या आदल्या वर्षी मार्शा फ्रीडमन यांनी हा विषय क्नेसेतमध्ये काढला होता. आमच्यातल्या बऱ्याच जणी तेव्हा नुकत्याच इथे आलेल्या, हिब्रू शिकत होत्या, आम्हाला याचा पत्ताही नव्हता.

आज देशात पंधराच्या आसपास मिकलात आहेत. पत्ता गुप्त असतो, आईबरोबर मुलांना घेतात, धार्मिक बायकांसाठी कोशर आणि शब्बाथ पाळणारी वेगळी घरं आहेत, बात मेलेख ही संस्था त्यातलीच. तिथे जायचं ते रेवाखामार्फत किंवा ११८ मार्फत. मिकलातमध्ये राहावं लागलं म्हणून कामावर गैरहजर राहिलेल्या बाईला मालक काढून टाकू शकत नाही, हेही कायद्यात आहे. पण एकोणीस-वीस वर्षांच्या, आईबापांच्या घरी राहणाऱ्या मुलीला बहुतेक वेळा मिकलात लागत नाही. तिला बोलायला माणूस लागतो.

असा माणूस कुठे मिळतो ते तिच्या वयावर अवलंबून आहे. शाळेत असेल तर शाळेची योएत्सेत. सैन्यात असेल तर मशाकित ताश आहे, जी घरच्या अडचणी बघते, आणि कबान आहे, मानसिक आरोग्याचा अधिकारी. मुलीला वाटतं कबानकडे गेलं की कागदावर डाग लागतो. तसं वाटून पुष्कळ मुलं जात नाहीत. पण चार भिंतींच्या आत बसून सोसण्यापेक्षा कबान बरा, असं मी माझ्या स्वतःच्या नातवाला सांगितलं आहे. लैंगिक जबरदस्ती झाली असेल तर सैन्यात महूत नावाचं केंद्र आहे. अठरा ते पंचवीस या वयातल्या अडचणीत सापडलेल्या मुलामुलींसाठी रेवाखाचा यातेद नावाचा कार्यक्रम आहे. ज्यांना घर नाही, शिक्षण सुटलं, जोडीदाराच्या घरीच राहावं लागतं, अशांना तिथे सोशल वर्कर धरून पुढे नेते. एलेम या संस्थेच्या गाड्या रात्री तरुण मुलं जमतात तिथे उभ्या असतात, चहा देतात, स्वयंसेवक बोलतात. आणि कोणालाच नाव सांगायचं नसेल तर १२०१, एरान, नुसतं मन मोकळं करायला.

प्रत्येक मोठ्या गावात रेवाखाला जोडलेलं कुटुंबातील हिंसेवर उपचार करणारं केंद्र असतं. आपल्या लोदला, रामलेला, अश्दोदला, बेर-शेवाला राहणाऱ्यांनी इरियात फोन करून विचारावं. तिथे सोसणाऱ्यावर उपचार होतात, मारणाऱ्यावर पण होतात. हे दुसरं मी मुद्दाम लिहिते. कारण कोणाची तरी नात सोसते आहे तर कोणाचा तरी नातू मारतो आहे. तो आपल्याच सेनेगॉगमध्ये आपल्याच शेजारी बसलेला असू शकतो, आणि आजीला तो लाडकाच असतो. त्याला झाकून ठेवण्याने त्याचं भलं होत नाही. तो स्वतः ११८ ला फोन करू शकतो, "मी हात उचलतो आणि मला थांबायचं आहे" असं सांगू शकतो. त्यासाठी तिथे माणसं आहेत.

जबरदस्ती झाली असेल तर वेळ महत्त्वाचा. बायकांसाठी १२०२, पुरुषांसाठी १२०३. काही हॉस्पिटलांमध्ये यासाठी वेगळी खोली आहे, तिला खेदेर अकूती म्हणतात. देशातली पहिली होलोनच्या वोल्फसनमध्ये उघडली, जेरुसलेममध्ये हदास्सा ऐन केरेमला बात अमी आहे. प्रौढ मुलीला तिथे पोलिसात तक्रार न करताही उपचार मिळतात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी चांगली. आणि नर्स म्हणून सांगते, आंघोळ करावीशी वाटणारच, पण जमलं तर आधी जाऊ द्या. कपडे धुवायचे नाहीत, कागदी पिशवीत घालून बरोबर न्यायचे.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. जॅकलिन कॅम्पबेल नावाच्या एका अमेरिकन नर्सने १९८० च्या दशकात प्रश्नांची एक यादी तयार केली, जिच्यावरून कळतं की या बाईच्या जिवाला किती धोका आहे. एका नर्सने ती केली याचा मला अभिमान वाटतो. त्यातले काही प्रश्न आपण सगळ्यांनीच ओळखून ठेवावे. त्याने कधी गळा दाबला का? मारून टाकीन म्हणाला का? त्याच्याजवळ बंदूक आहे का? (आपल्या देशात सैनिक रायफल घेऊन घरी येतात, तेव्हा हा प्रश्न साधा नाही.) सोडून गेलीस तर मी जीव देईन म्हणतो का? पाळत ठेवतो का? आणि ती नुकतीच त्याला सोडून आली आहे का? पुष्कळांना वाटतं सोडलं म्हणजे सुटली. उलट सोडल्यानंतरचे आठवडे जास्त धोक्याचे असतात. म्हणून "आजच्या आज त्याला सोड" असा हट्ट घरच्यांनी धरू नये. कसं सोडायचं, कधी, कोण बरोबर असेल, हे सोशल वर्करबरोबर बसून ठरवायचं.

गळा दाबण्याबद्दल दोन शब्द जास्त. बाहेरून काहीच दिसत नाही असं पुष्कळदा होतं. आवाज घोगरा झाला, गिळताना दुखतं, डोळ्यांच्या पांढऱ्या भागात लाल ठिपके आले, चक्कर आली, क्षणभर शुद्ध गेली, लघवी झाली, यातलं एक जरी असलं तरी त्याच दिवशी मियूनला न्या. मानेतल्या रक्तवाहिनीला आतून इजा झाली असेल तर काही दिवसांनी सुद्धा झटका येऊ शकतो. "आता बरी आहे" यावर विश्वास ठेवू नका. आणि तपासणाऱ्याला सरळ सांगा, गळा दाबला. पडली म्हणू नका.

२०१९ साली जेरुसलेमजवळ मोत्साला मिखाल सेला हिचा तिच्या नवऱ्याने घरात खून केला. ती स्वतः सोशल वर्कर होती. शिकलेल्या, शहाण्या, स्वतः दुसऱ्यांना मदत करणाऱ्या मुलींच्या बाबतीत असं होत नाही, हा समज त्या दिवशी पुष्कळांचा गेला. तिची बहीण लिली बेन-अमी हिने तिच्या नावाने फोरम काढला. धोक्यात असलेल्या बायकांना शिकवलेले संरक्षक कुत्रे देणं हे त्यांच्या कामांपैकी एक. कुत्र्याचं ऐकून आमच्या मोअदोनमधल्या आजोबा मंडळींनी प्रथमच मान वर करून प्रश्न विचारले.

भारतातून लग्न करून आलेल्या मुलींचं वेगळं दुःख असतं. हिब्रू येत नाही, माहेर समुद्रापलीकडे, कागदपत्रं नवऱ्याच्या कपाटात. अशी एखादी सून तुमच्या इमारतीत असेल तर तिच्याशी मराठीत बोलणारं कदाचित तुम्हीच एकटे असाल. तिला ११८ बद्दल सांगा, पासपोर्टची झेरॉक्स तुमच्याकडे ठेवायची का विचारा. तिचं इथलं राहणं नवऱ्याच्या कागदांवर अवलंबून असेल तर तो घाबरवतो, हाकलून देतील म्हणून. जोडीदाराच्या मारामुळे नातं तुटलं असेल तर गृहखात्याकडे त्यासाठी वेगळी पद्धत आहे. नवऱ्याच्या शब्दावर न जाता वकिलाला विचारायचं.

आता त्या बाईंचं काय झालं ते. त्या शब्बाथला नातीने काही सांगितलं नाही. भांडी पुसली, आजीच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि गेली. बाई मोअदोनमध्ये येऊन म्हणाल्या, "सिस्टर, वाया गेलं." मी म्हटलं, थांबा. पाच आठवड्यांनी रात्री साडेअकराला आजीचा फोन वाजला. "सवता, तू जागी आहेस?" ती बसस्टॉपवर उभी होती. आजोबांनी पायजम्यावर कोट घातला, टॅक्सी केली आणि तिला घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तिघांनी मिळून ११८ ला फोन केला. बोलली ती स्वतः, आजी नुसती बाजूला बसून होती. सध्या आठवड्यातून एकदा ती सोशल वर्करकडे जाते, मशाकित ताशला माहीत आहे, त्या मुलाला तिच्यापासून दूर राहण्याचा कोर्टाचा हुकूम आहे. मधे एकदा तिने त्याला स्वतःच मेसेज केला होता. आजी रागावणार होत्या, पण रागावल्या नाहीत. असं होतं, दोन पावलं पुढे, एक मागे, हे मी त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.

त्यांच्या फ्रिजवर आता कुपत खोलीमच्या कॅलेंडरशेजारी एक कागद चिकटवला आहे, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा: १००, १०१, ११८. खाली नातीने हिब्रूत काहीतरी लिहून एक बदाम काढला आहे. काय लिहिलंय ते त्यांनी मला वाचू दिलं नाही.